'विकर' म्हणायचं की एन्झाइम? एका कान्याचा घोळ

सांगलीतून लिहितोय. आत्याचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मिरजेत झालं, आता रोज लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. तिला मिळालेल्या मराठी पत्रकात छापलंय, 'हे औषध विकर रोखते'. आत्यानं वाचलं 'विकार रोखते', आणि दोन दिवस एकच धोशा, अरे मला अजून कुठला विकार निघालाय ते खरं सांग. रात्री झोप नाही बाईला. विकर हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे माहितीये, पण घरात बोलताना काय म्हणायचं?

कृष्णाकाठ :
पेशंटसमोर सरळ एन्झाइम म्हणा. मूळ ग्रीकमधून आलाय, अर्थ साधारण 'आंबवणातलं', जर्मन शास्त्रज्ञ कूनेनं १८७० च्या दशकात हा शब्द आणला. त्यामुळे विरजण म्हणावंसं वाटतं, पण विरजणात जिवंत जंतू असतात आणि एन्झाइम म्हणजे बहुतेक वेळा नुसतं प्रथिन, काम भराभर करून देतं आणि स्वतः संपत नाही. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतो ना आपण, तिच्या चिकातलं पपेन हे एन्झाइमच. एवढं सांगितलं तरी माणसाला कळतं.

आत्यांना असं सांगा, पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत वगैरे अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवत राहतं, काही गाठी त्याच्यावरच पोसतात, आणि ही गोळी त्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते म्हणजे त्याचं काम अडतं. म्हणून एन्झाइम 'मारते' लिहिणं चूक. मी तर 'अडवते' लिहीन, कारण 'रोखणे' आपण आजारालाही वापरतो आणि तिथं त्याचा अर्थ आजार होऊच न देणं असा होतो. याच जातीची ॲनास्ट्रोझोल धोका जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांना कॅन्सर होऊ नये म्हणूनही देतात, तिथं एकाच वाक्यात दोन्ही 'रोखणे' आले की वाचणारा गोंधळलाच.

मिरजकर :
शेपटी बघायची सवय लावा. अरोमाटेज, किनेज, शेवटी 'एज' आलं की बहुतेक एन्झाइम. 'निब' आलं की बहुतेक किनेज अडवणारं औषध, जसं रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब, अमेरिकेत २००१ ला मंजूर झालेलं. आणि एन्झाइम म्हणजे वाईटच असं मनात बसू देऊ नका, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ॲस्परॅजिनेज हे एन्झाइमच औषध म्हणून देतात.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. पपईचं सांगितलं तसं आत्याला लगेच पटलं, म्हणाली मग असंच छापायचं की. पत्रकावरचं 'विकर रोखते' पेनानं खोडून वर स्वतःच्या अक्षरात 'अरोमाटेज अडवते' लिहिलंय तिनं.