मदत हवी आहे : समुद्रावर आर्द्रतेचा आकडा मिठामुळे अडकतोय

नमस्कार मंडळी. नाशकात अंबडच्या वर्कशॉपमध्ये कोकणातल्या एका बोटीसाठी तापमान-आर्द्रतेचा संच जुळवतोय. एसएचटी३५ सेन्सर (तापमान आणि आर्द्रता एकाच चिपवर मोजणारा), त्यावर पीटीएफईची (टेफ्लॉनची) वाफ आत सोडणारी टोपी, भोवती पांढऱ्या थाळ्यांचं कवच.

नाशकात तपासणी चोख निघते. बंद बरणीत मिठाचा ओलसर लगदा (न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे) २५ अंशांना ठरलेली ७५.३ टक्के आर्द्रता देतो, मॅग्नेशियम क्लोराइडचा ३२.८. इथल्या उंचीचा त्यावर परिणाम नाही. ओल्या-कोरड्या तापमापकाला (दोघांच्या फरकावरून आर्द्रता काढतात) मात्र हवेचा दाब धरावाच लागतो.

घोळ समुद्रावर. तुषारांतलं मीठ टोपीवर बसतं, आर्द्रता ७५च्या वर गेली की पाणी ओढून घेतं, आणि नंतर हवा कोरडी झाली तरी आकडा वरच रेंगाळतो. शिवाय दुपारी वारा पडला की कवच तापतं. २८ अंश आणि ८० टक्क्यांना चिप ०.२ अंशाने जरी तापली तरी आर्द्रता साधारण १ टक्का कमी दिसते. म्हणून बाष्पदाब (हवेतल्या वाफेचा दाब) त्याच चिपच्या तापमानावरून काढतो, तो शाबूत राहतो. हवेचं तापमान चुकायचं ते चुकतंच.

पंख्याने हवा ओढायची म्हटलं तर तुषारही आत येणार. तोंड खाली वळवून, वेग सेकंदाला ३ मीटर ठेवून कुणी हे जमवलंय का? टोपी डिस्टिल्ड वॉटरने किती दिवसांनी धुता, की सरळ बदलता? चिपमधला, ओल उडवायचा हीटर बंद केल्यावर किती वेळाने रीडिंग धरता? स्वतः वापरून पाहिलेलंच सांगा, डेटाशीट आमच्याकडे आहे.