स्नॉर्केलिंग करताना दिसलेला सफाई करणारा मासा खरा की तोतया? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सुट्टीत एक अख्खा दिवस प्रवाळांवर स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे मास्क लावून, नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघत राहिलो. तेव्हा पाहिलेल्या एका गोष्टीचा उलगडा अजून होत नाहीये. इथे डायव्हिंग करणारे किंवा समुद्री जीवांचा अभ्यास असणारे कुणी असतील तर कृपया सांगा.

पाणी जेमतेम पुरुषभर खोल आणि नितळ होतं. खाली एका गोलसर प्रवाळापाशी बोटभर लांबीचा निळसर मासा सारखा वर-खाली होत पोहत होता. तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, मागे रुंद होत गेलेला. मोठे मासे येऊन त्याच्यापुढे थांबायचे, आ वासायचे, कल्ले फाकवायचे आणि हा खुशाल तोंडात शिरून बाहेर यायचा. हनुवटीला मिशा असलेला एक गोटफिश तर उभ्या उभ्या फिकट रंगाचा लालसर झाला! हा क्लीनर रॅस असणार, माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा, असं मी धरून चाललो होतो. बाकी सगळे पॅरटफिश, बटरफ्लायफिश सोडून मी तिथेच तरंगत राहिलो, इतकं ते बघण्यासारखं होतं.

मग शांत उभा असलेला एक सर्जनफिश एकदम दचकला आणि गर्रकन वळून त्या छोट्याच्या मागे लागला. नंतरही एक-दोन माशांचं तसंच झालं. परत आल्यावर वाचलं की सेबरटूथ ब्लेनी नावाचा एक मासा क्लीनर रॅसची हुबेहूब नक्कल करतो आणि संधी मिळाली की माशांच्या परांचे लचके तोडतो. मग मी पाहिला तो कोण? फोटो सगळे निळे-हिरवे आलेत, पण एक व्हिडिओ बरा आहे. त्यात नेमकं काय बघू? आणि पुढच्या वेळी रंग नीट यावेत म्हणून काय करता येईल?

प्रतिसाद १

व्हिडिओ थांबवून फक्त तोंड बघा. खऱ्या क्लीनर रॅसचं तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाला असतं. तोतयाचं तोंड खालच्या बाजूला असतं, नाक पुढे आल्यासारखं दिसतं. रंगावरून आणि पोहण्यावरून निर्णय देऊ नका, नक्कल तिथेच केलेली असते.

मात्र दचकण्यावरून तो तोतया ठरत नाही. क्लीनर रॅसला परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. तो मधूनच त्याचा चावा घेतो, म्हणून गिऱ्हाईक दचकतं. पाठलाग झाला की पुढच्या वेळी तो जरा नीट काम करतो. यावर बरेच प्रयोग झालेत. गिऱ्हाईक मोठा शिकारी मासा असेल तर मात्र तो सहसा असा चावा घेत नाही. तुम्ही एकाच जागी थांबलात म्हणून हे सगळं दिसलं, फार छान केलंत.

प्रतिसाद २

रंगांबद्दल: पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. खोलीइतकंच कॅमेरा आणि मासा यांच्यामधलं पाणीही मोजायचं, त्यामुळे वरून झूम करून काढलेला फोटो निळाच येणार. सूर्य डोक्यावर असताना, उथळ जागी, कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) हाताने ठरवून फोटो काढा. जवळ जायचं तर हात अंगालगत ठेवून हळू सरका. हात मारत गेलात तर मासे फटीत शिरतात. उभं राहायला म्हणून प्रवाळावर पाय तर अजिबात टेकवू नका. दगड वाटतो, पण वरचा पातळ थर जिवंत असतो आणि अशी गोल प्रवाळं वर्षाला साधारण 1 सेंटीमीटरच वाढतात. पाठीवर सनस्क्रीनचे थर देण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. व्हिडिओ थांबवून पाहिला. तोंड टोकाला आहे, म्हणजे क्लीनर रॅसच! सर्जनफिश दचकतो ते दृश्य आता पुन्हा पुन्हा बघतोय.

आणखी एक विचारतो. पुढच्या वेळी मुलीलाही न्यायचंय. तिच्या लहान चेहऱ्याला मास्क बसतो की नाही हे पाण्यात उतरण्याआधी कसं तपासायचं?

प्रतिसाद १

पट्टा डोक्यामागे न नेता मास्क नुसता चेहऱ्याला लावायचा, केस आत येऊ द्यायचे नाहीत आणि नाकाने हलका श्वास आत ओढायला सांगायचं. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा बघा. पट्टा घट्ट आवळून गळती थांबत नाही, उलट मुलं कंटाळतात. पहिल्यांदा उभं राहता येईल अशा वाळूच्या जागी नळीतून श्वास घ्यायचा सराव करू द्या, मगच प्रवाळाकडे न्या.