मदत हवी आहे: कंडेन्स्ड सूपच्या डब्यात पाणी घालायचे की नाही?

नमस्कार. आम्ही दापोलीजवळ राहतो. अमेरिकेतल्या पुतणीने येताना कॅम्पबेल कंपनीच्या कंडेन्स्ड (म्हणजे घट्ट केलेल्या) सूपचे डबे आणले आहेत: क्रीम ऑफ मशरूम, टोमॅटो आणि फ्रेंच अनियन. डब्यावर डबाभर पाणी मिसळून गरम करावे असे छापले आहे. तिने मागाहून पाठवलेल्या भाजलेल्या भाताच्या कृतीत मात्र ‘सूप एक डबा’ एवढेच आहे, पाण्याचे नावही नाही. मग भातात पातळ केलेले सूप घालायचे की डब्यातला तो थलथलीत गोळा तसाच? मशरूमचा डबा उघडून चाखला तर चांगलाच खारट लागला, आणि यजमानांना रक्तदाबामुळे मीठ बेताने घ्यायला सांगितले आहे. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांना यातले काय चालेल? उघडलेला डबा सध्या फ्रिजमध्ये आहे, पण पावसात इथे विजेचा भरवसा नसतो. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (अलिबाग)

ताई, मी बरीच वर्षे न्यू जर्सीत होतो, तिथे हे डबे घरोघरी असतात. सूप मुद्दाम कमी पाण्यात घट्ट ठेवायचे आणि उरलेले पाणी गिऱ्हाइकाने आपल्या घरी घालायचे, ही पद्धत कॅम्पबेल कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जॉन डॉरन्स यांनी १८९७ मध्ये बसवली. डबा लहान झाला, वाहतुकीचा खर्च उतरला आणि सूप स्वस्तात विकता येऊ लागले. डब्यावरची सूचना सूप प्यायचे असेल तेव्हासाठी आहे. टोमॅटोच्या सुपात पाण्याऐवजी दूध घातले तर ते अधिक चांगले लागते, असे माझे मत.

कृतीत नुसते ‘सूप एक डबा’ लिहिलेले असते तेव्हा मात्र ते पातळ न करता घालायचे असते, कारण तिथे त्याचे काम तयार व्हाइट सॉसचे असते. फरसबीचा प्रसिद्ध कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजून करायचा पदार्थ) १९५५ मध्ये याच कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवला. त्यात मशरूमच्या एका डब्याला जेमतेम अर्धा कप दूध लागते. तुमच्या कृतीत तांदूळ कच्चा आहे की शिजलेला, तेवढे पुतणीला विचारून घ्या. कच्चा असेल तर त्याला शिजायला पाणी वेगळे द्यावेच लागेल, सुपाच्या भरवशावर राहिलात तर शिते टणक राहतील. गोळा आधी वाडग्यात चमच्याने मोडून त्यात दूध थोडे थोडे घालत फेटा; थेट पातेल्यात टाकल्यास गुठळ्या राहतात.

मिठाची शंका रास्त आहे. अर्धा कप घट्ट सुपात ८०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगितले आहे आणि तेवढे मीठ एका डब्यातच भरते. पदार्थात वरून मीठ घालूच नका, बटाटा आणि भात अळणी उकडा. यजमानांना वाडगाभर सूप प्यायला देणे मी तरी टाळीन.

सासूबाईंसाठी महत्त्वाचे: फ्रेंच अनियन सुपात नावाला कांदा असला तरी बीफ स्टॉक (गोमांस उकळून काढलेले पाणी) असतो, तो डबा बाजूलाच ठेवा. मशरूममध्ये मलई, मैदा आणि सोया असतात. अमेरिकन डब्यावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो, त्यामुळे घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही, आणि त्यातही ‘नॅचरल फ्लेवरिंग’ असे मोघम लिहिलेले असते. कडक शाकाहार असेल तर त्यांना घरचेच करून द्यावे.

उघडलेले सूप पत्र्याच्या डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. चालू फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते. वीज चार तासांहून अधिक वेळ गेली तर सरळ फेकून द्या. न उघडलेल्या डब्यांना खाऱ्या हवेने गंज चढतो, तेव्हा ते कोरड्या जागी ठेवा. फुगलेला डबा तर उघडूच नये.

प्रतिसाद (मालवण)

घरचे करायचे तर तीन मोठे चमचे लोण्यावर तेवढाच मैदा मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. मग अर्धा कप दूध आणि अर्धा कप भाज्यांचे पाणी घालून ढवळत घट्ट करा आणि परतलेली बारीक अळंबी त्यात मिसळा. साधारण एका डब्याएवढे होते, आणि मीठ आपल्या हातात राहते. बाजारातली बटण मशरूम चालतात. रानातली अळंबी ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावीत. एक सांगायचे राहिले: आपल्या सवयीने यात कोकम टाकू नका, दूध फाटते. आंबटपणा हवाच असेल तर तो टोमॅटोच्या डब्यात आयता आहे, पण त्यात साखरही असते.