‘आय वॉज स्टोलन’ असे का म्हणता येत नाही?

आसावरी (प्रश्न)
गेल्या आठवड्यात सोलापूरहून पुण्याला येताना गाडीत माझा डोळा लागला आणि तेवढ्यात आसनाखाली ठेवलेली लॅपटॉपची बॅग चोरीला गेली. पोलिसांत तक्रार मराठीत दिली, त्यामुळे तेथे शब्दांची अडचण आली नाही. ती आली कार्यालयाला इंग्रजीत मेल लिहिताना. ‘माझ्याकडे चोरी झाली’ हे मनात धरून मी ‘आय वॉज स्टोलन इन द ट्रेन’ असे लिहिले, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने ‘मग तुम्ही परत कशा आलात?’ असे विचारले. ते खोडून ‘समवन रॉब्ड माय लॅपटॉप’ केले, तर त्यालाही त्याने नाक मुरडले, मात्र कारण त्याला सांगता आले नाही. ‘स्टील’ आणि ‘रॉब’ यांत नेमका फरक काय, आणि माझे वाक्य कसे असायला हवे होते?

जुना मास्तर
आसावरीताई, अर्थापेक्षा कर्माकडे पाहा, म्हणजे गुंता सुटेल. ‘स्टील’चे कर्म म्हणजे गेलेली वस्तू आणि ‘रॉब’चे कर्म म्हणजे जिचे गेले ती व्यक्ती किंवा जेथून गेले ती जागा. लॅपटॉप, सायकल, पैसे यांना ‘स्टील’ लागते. प्रवासी, बँक, दुकान यांना ‘रॉब’. कर्मणी प्रयोगात हेच कर्म वाक्याच्या आरंभी येते, त्यामुळे ‘माय लॅपटॉप वॉज स्टोलन’ बरोबर आणि ‘आय वॉज रॉब्ड’ही बरोबर, ‘आय वॉज स्टोलन’ मात्र मराठीत ‘मी चोरीला गेले’ म्हटल्यासारखे होते.

आपला घोळ होतो तो ‘लुटणे’ या क्रियापदामुळे, कारण आपण ‘बँक लुटली’ म्हणतो तसेच ‘दागिने लुटले’ही म्हणतो आणि दोन्ही कानाला खटकत नाहीत. इंग्रजीत ही मुभा ‘रॉब’ला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगायच्या असल्या तर शब्दयोगीही बदलतो: ‘दे स्टोल अ लॅपटॉप फ्रॉम मी’, पण ‘दे रॉब्ड मी ऑफ माय लॅपटॉप’. ‘स्टोल माय लॅपटॉप टू मी’ असे लिहिणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

स्वतःला कर्ता ठेवायचेच असेल तर ‘आय हॅड माय लॅपटॉप स्टोलन’ ही रचना आहे. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे केस कापवून घेतले, म्हणून हेही ‘चोरवून घेतला’ असे वाटून काहीजण बिचकतात. पण अनिच्छेने ओढवलेल्या गोष्टींसाठीही ती रूढ आहे. रूपे स्टील, स्टोल, स्टोलन अशीच, ‘स्टील्ड’ नाही.

फौजदारी वकील
मास्तरांचे व्याकरण मान्य, पण ताईंच्या प्रसंगात ‘आय वॉज रॉब्ड’ लिहू नये असे मी सुचवीन. बोलताना इंग्रज माणूसही ते सैलपणे म्हणतो. कागदावर मात्र त्या शब्दाला वजन आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७८ चोरीचे आणि ३९० ‘रॉबरी’चे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ३०३ आणि ३०९ झाली. चोरी करताना किंवा माल घेऊन जाताना इजा केली, अडवून धरले किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती ‘रॉबरी’, म्हणजे आपल्या पोलिसांच्या भाषेतली जबरी चोरी. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की दरोडा. झोपेत बॅग गेली ही साधी चोरी. कार्यालयाने तुमच्या मेलवरून विम्याचा दावा केला आणि पोलिसांच्या कागदावर ‘चोरी’ असली, तर विसंगतीचा खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

मर्सीकाठचा
मी लिव्हरपूलमध्ये राहतो, म्हणून एक पुस्ती जोडतो. येथे ‘समवन रॉब्ड मी बाइक’ हे रोज कानी पडते (त्यातला ‘मी’ म्हणजे ‘माय’), आणि आयर्लंडमध्येही तसेच बोलतात. तेव्हा ताईंचे दुसरे वाक्य इंग्रज माणसाच्या तोंडी येतच नाही असे नाही. मात्र ते बोलीतले आहे, मेलमध्ये चूकच ठरेल. घर फोडले गेले असेल तर येथे ‘बर्गल’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘बर्गलराइझ’. गंमत अशी की ‘रॉब’ आणि अंगावरचा ‘रोब’ हे शब्द मुळात एकाच घरचे आहेत, कारण लुटीत हाती लागायची ती पुष्कळदा कपड्यांचीच मिळकत. म्हणजे ‘रॉब’ने माणसाला कर्म केले त्याच्या मागे त्याला नागवण्याचे चित्र आहे, आपले ‘नागवणे’ही तेच करते.

आसावरी
सर्वांचे आभार. ‘माय लॅपटॉप बॅग वॉज स्टोलन व्हाइल आय वॉज अस्लीप ऑन द ट्रेन’ असा मेल आता पाठवला आहे. एक शंका राहिली: ‘ही स्टोल आउट ऑफ द रूम’ असे एका कथेत वाचले, तेथे वस्तू कोठे आहे?

जुना मास्तर
तेथे वस्तू नाहीच. कर्म गळाले की ‘स्टील’ म्हणजे गुपचूप सरकणे. ‘स्टेल्थ’ त्याच धातूचा. आपली चोरपावले आठवा, किंवा क्रिकेटमधली चोरटी धाव, जिला इंग्रजी समालोचकही ‘स्टील अ सिंगल’ म्हणतात. ‘ही स्टोल अ ग्लान्स’ म्हणजे चोरटा कटाक्ष टाकला, हेही आपल्याला सहज कळते. पण ही जवळीक ताणू नये. ‘पाहुणा अंग चोरून बसला’ याचे भाषांतर माझ्या एका विद्यार्थ्याने ‘द गेस्ट सॅट स्टीलिंग हिज बॉडी’ असे केले होते, आणि उत्तरपत्रिका तपासताना मला बराच वेळ लेखणी टेकवता आली नव्हती.