मदत हवी आहे: ट्रॅमला वर एकच तार कशी काय पुरायची? (मुलीचं मॉडेल अडलंय)

नमस्कार मंडळी, शनिवारी मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि आठवडाभर आमच्या हॉलमध्ये प्लायवूड पसरलंय, त्यावर तिने जुनी ट्रॅम बनवलीय. आयडिया आजीची, ती लग्नाआधी दादरला राहायची, मुंबईची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली तेव्हा शाळेत होती, आणि तिला अजून आठवतंय की शेवटच्या स्टॉपला कंडक्टर खाली उतरून दोरीने टपावरचा दांडा खेचायचा आणि उलट्या बाजूला फिरवायचा. आम्हा पुणेकरांना ट्रॅम कुठली, आमची धाव पीएमटीपर्यंत.

तर तापकीर गल्लीतून मोटर आणि ९ व्होल्टची बॅटरी आणली, सायकलच्या स्पोकचा दांडा केला, वर तांब्याची तार, खाली फूटफूटभर पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ. प्लस तारेला, मायनस पहिल्या पट्टीला. पहिला फूट मस्त पळते, दुसऱ्या पट्टीवर पूर्ण गेली की ठप्प. जोडावर बोटाने दाबलं की परत निघते! वळणावर स्पोक तार सोडतो ते वेगळंच.

शिवाय सोसायटीतले एक काका छातीठोकपणे सांगतात की वर दोन तारा असायच्याच. मुलगी म्हणते फोटोत एकच दिसतेय. करंट रुळातून परत जातो म्हणावं तर मग रूळ ओलांडणाऱ्यांना शॉक कसा नाही बसायचा?

प्रतिसाद:
मुलगी बरोबर आहे. काकांनी ट्रॉलीबस पाहिली असणार, मुंबईत ती १९६२ ला आली, तिला रबरी टायर, खाली रूळ नाहीत म्हणून वर दोन तारा आणि दोन दांडे. ट्रॅमचा करंट तारेतून दांड्यात, मोटरमधून चाकात आणि रुळातून परत सबस्टेशनला. कोलकात्यात ५५० व्होल्ट डीसी. पण रूळ जमिनीला टेकलेला, त्यामुळे रूळ आणि तुमचे पाय यांच्यात व्होल्टेजचा फरक अगदी किरकोळ राहतो. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला १८८१ मध्ये सीमेन्सने एक रूळ प्लस आणि दुसरा मायनस करून १८० व्होल्ट सोडले होते, तिथे क्रॉसिंगवर माणसांना आणि घोड्यांना झटके बसायचे. म्हणून तार वर न्यायची. फ्रँक स्प्रेगने १८८८ मध्ये अमेरिकेत रिचमंड शहरात हे मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवलं, स्प्रिंगने खालून तारेला दाबणारा दांडा आणि टोकाला खाचेचं चाक.

तुमची गाडी अडते तो दोष खऱ्या ट्रॅमलाही छळायचा. रुळांच्या जोडात गंज, धूळ, सैल बोल्ट, मग करंट वाट शोधत जमिनीत शिरायचा आणि आजूबाजूचे पाण्याचे पाइप खाऊन टाकायचा. म्हणून प्रत्येक जोडावर तांब्याची जाड वायर ठोकायचे. तुम्हीही पट्टी ते पट्टी वायरचा तुकडा सोल्डर करा, बोटाने दाबायची गरज नाही.

दांड्याचं म्हणाल तर तो मागे कललेला हवा, फरपटत येणाऱ्या काठीसारखा. पुढे कललेला ठेवून ढकलला की तार सोडतोच, आजीचा कंडक्टर उगाच नव्हता फिरवत. स्पोकच्या टोकाला तार आत बसेल अशी, तारेच्याच दिशेने खाच करा आणि वळणावर तार सलग गोल न ठेवता तीनचार खिळ्यांना दोऱ्याने बाहेरच्या बाजूला ताणून तुकड्यातुकड्यांत वळवा.

धागाकर्ता:
चालली!! सोल्डरिंगने प्लायवूड थोडं जळलं, चालतंय. वळणावर पाचातून एकदा अजून निसटतो, मुलीने स्पोकला दोरा बांधून आजीला कंडक्टर नेमलंय. काका संध्याकाळी बघून गेले, म्हणाले, "मी ट्रॉलीबसबद्दलच बोलत होतो."