आळी, गल्ली, बोळ: पुण्याच्या पेठांमधले शब्द

विचारणा

पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी, बुरूड आळी आहेत, पण त्याच परिसरात तपकीर गल्ली आहे आणि शालूकर बोळही आहे. आळी, गल्ली आणि बोळ यांत नेमका फरक काय? रुंदीवरून नाव पडलं म्हणावं, तर बोहरी आळीपेक्षा रुंद गल्ल्या कितीतरी सापडतात. घरात विचारलं की 'सगळं एकच' असं उत्तर मिळतं. आणि कुंभारवाड्याला 'वाडा' का लागला, 'आळी' का नाही?

पहिला प्रतिसाद

फरक आहे, पण तो रुंदीचा नाही. आळी म्हणजे मुळात ओळ. संस्कृतात 'आलि' म्हणजे रांग, आणि दीपावलीतली 'आवलि'ही त्याच अर्थाची. म्हणजे आळी हा आधी रस्ता नव्हताच. समोरासमोरच्या घरांची रांग आणि त्या घरांत राहणारी माणसं, ही आळी. मधून जाणारी वाट तिला ओघाने मिळाली. म्हणून आळीच्या नावात पुढे बहुतेक वेळा माणसंच येतात: तांबट, बुरूड, बोहरी, कासार, शिंपी, गावाकडे माळी आळी, सुतार आळी, ब्राह्मण आळी. 'अख्खी आळी गोळा झाली' हे वाक्य म्हणून तर सहज तोंडी येतं. गल्ली ही मुख्यतः वाट. गल्लीत शिरतात, गल्लीतून निघतात, गल्ली पुढे बंद असते. आता 'अख्खी गल्ली जमली' असंही म्हणतात, चुकीचं काही नाही, पण तिथे गल्लीला आळीचं काम दिलेलं असतं.

बोळ सगळ्यांत अरुंद. दोन वाड्यांच्या भिंतींमधून जाते ती चिंचोळी वाट. तो बोळ, बोळात, बोळातून, असं पुल्लिंगी चालतं. आळीला दारं आणि ओटे असतात, बोळाला भिंती.

तांबट आळी कसबा पेठेत आहे आणि तिथे नाव आणि धंदा अजून एकमेकांना सोडून गेलेले नाहीत, म्हणून हा शब्द समजून घ्यायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. आळीच्या तोंडाशी आलात की आधी ठोक्यांचा आवाज येतो. आत कारागीर तांब्याचं भांडं लोखंडी खुंटावर पालथं धरून एका हाताने ते जरा जरा फिरवत असतो आणि दुसऱ्या हाताने हातोडीचे ठोके एकाला लागून एक असे ओळीने पाडत असतो. या कामाला मठारणं म्हणतात. मठारलेल्या बंबावर किंवा घंगाळावर बारीक गोल ठशांच्या रांगा दिसतात, त्या हातोडीच्या. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं लवकर पोचत नाही आणि वर चकाकी येते. एकाने पत्रा कापायचा, दुसऱ्याने जोड द्यायचा, तिसऱ्याने मठारायचं, असं काम शेजारी-शेजारी हिंडतं. घर, कारखाना आणि दुकान एकाच रांगेत आल्याशिवाय हे जमत नाही, आणि अशी रांग म्हणजेच आळी.

दुसरा प्रतिसाद

मग तपकीर गल्लीचं काय? तिथेही सगळी दुकानं एकाच धंद्याची आहेत.

पहिल्याचं उत्तर

हो, पण नाव पाहा. बुधवार पेठेतल्या या गल्लीच्या नावात तपकीर आहे, तपकीरवाले नाहीत. वस्तूवरून नाव पडलं की बहुधा गल्ली, बाजार किंवा गंज लागतो. कापडगंज म्हणतात, कापड आळी सहसा ऐकू येत नाही. आणि आज तपकीर गल्लीत वायर, स्विच, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात. दुकानातला माल बदलला तरी पत्ता बदलत नाही, म्हणून शहराचा इतिहास शोधायचा तर मी आधी पत्ते वाचतो. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअर, भांडी, हरतऱ्हेचं सामान मिळतं, आणि नाव सांगतं की हा व्यापार बोहरी कुटुंबांनी इथे वसवला.

कुंभारवाड्याबद्दल. तिथला 'वाडा' म्हणजे वस्ती, जसा कोळीवाडा. शनिवारवाड्यातला 'वाडा' वेगळा, तो एका घराण्याचा. कुंभाराला नुसती घरांची रांग पुरत नाही; माती मळायला, मडकी वाळवायला, भट्टी लावायला मोकळी जागा लागते. म्हणून मला तिथे वाडा हा शब्द चपखल वाटतो.

नागपूरहून

आमच्याकडे इतवारीत सराफा ओळ, किराणा ओळ, भांडे ओळ आहेत. बोलताना 'ओळी'ही म्हणतात. वरचं वाचून आत्ता लक्षात आलं की पुण्याने आळी ठेवली आणि आम्ही सरळ ओळच म्हणत राहिलो. अर्थ तोच, रांग. फक्त आमच्याकडे नावात जात क्वचित असते, माल किंवा धंदाच येतो. वस्तीला आम्ही 'पुरा' लावतो, तेलीपुरा वगैरे.

पहिल्याचं उत्तर

हे फार मोलाचं सांगितलंत. मग वस्तूबद्दल मी वर म्हटलं ते पुण्यापुरतं धरावं. नाशकात तर बोहोरपट्टी आहे. तेच बोहरी, पण आळीच्या जागी पट्टी. 'पुरा' पुण्यातही होता. मंगळवार पेठ पूर्वी अष्टपुरा होती, सोमवार पेठ शहापुरा. रविवार पेठेला मलकापूर म्हणत, शुक्रवारला विसापूर, बुधवारला मोहियाबाद, शनिवारला मुर्तजाबाद. वारांची नावं पेशवाईत रूढ झाली. वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली. सदाशिव, नारायण आणि नाना या पेठांची नावं मात्र माणसांची: सदाशिवरावभाऊ, नारायणराव पेशवे, नाना फडणवीस.

पेठ म्हणजे नुसता विभाग नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. पेठ 'वसवायची' असते. सरकार कौल, म्हणजे लेखी हमी, देई, व्यापाऱ्यांना काही वर्षं करांची सूट मिळे, शेटे-महाजन नेमले जात, मग दुकानं येत. बाजार आधी आणि वस्ती त्याच्या आधाराने. 'बाजारपेठ' हा जोडशब्द म्हणून निरर्थक द्विरुक्ती वाटत नाही. एकात माल आहे आणि दुसऱ्यात जागा.

कोल्हापूरहून

आमच्याकडे गल्लीच जास्त. सोन्या-चांदीची दुकानं गुजरीत. आणि तीन रस्ते जिथे मिळतात ती तिकटी: पापाची तिकटी, माळकर तिकटी. पुण्यात तिकटी ऐकली नाही, तिथे तीन रस्ते असले तरी चौकच म्हणतात.

दुसरा प्रतिसाद

खरं आहे. आमच्याकडे चौकाला रस्ते मोजत नाहीत. बहुधा वाड्यातल्या मोकळ्या चौकाची सवय असेल. अप्पा बळवंत चौकाचं तर पुढे 'एबीसी' झालं. पाठ्यपुस्तकं आणायला 'एबीसीत जाऊन ये' असं सांगतात. अप्पा म्हणजे बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव. बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या डिसेंबरात पडले. हे नाव तीन इंग्रजी अक्षरांत जावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. निदान बसच्या पाटीवर तरी पूर्ण नाव हवं.

आणि फडके हौदासारखी नावंही घ्या. कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेशव्यांनी पेठांतून हौद बांधले. आज नळाचं पाणी घरात आहे, तरी रिक्षावाल्याला 'फडके हौद' एवढं पुरतं. मंडईचं तसंच. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत इमारत उभी राहिली तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावाने ती रे मार्केट होती. नगरपालिकेत असताना ज्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला त्या महात्मा फुल्यांचं नाव तिला नंतर मिळालं. बोलण्यात मात्र ती नुसती मंडईच राहिली. 'मंडईत जाऊन येतो' म्हटलं की पुढे काही लागत नाही.

नवा प्रश्न

लिहिताना अळी की आळी? दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही दिसतं.

पहिल्याचं उत्तर

आळी. अळी ही पानं खाणारी. अनेकवचन दोन्हींचं तसंच होतं, अळ्या आणि आळ्या, म्हणून गोंधळ वाढतो. झाडाभोवतीचं पाण्याचं ते आळं, तो शब्द आणखी निराळा. पत्त्यात 'तांबट आळी, कसबा पेठ' असं सुटं लिहावं, आणि विभक्ती लागली की 'तांबट आळीत', 'बोहरी आळीतून', 'बुरूड आळीतली टोपली'.