अनुभव धागा: बटण दाबलं, पण पीसी चालूच झाला नाही

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. "अगं, कॉम्प्युटर गेला बहुतेक." बाबा सांगलीला, मी बंगळुरूला. रिटायर झाल्यापासून ते आमच्या गावाकडच्या जात्यावरच्या ओव्या टाईप करून ठेवतायत, आजीकडून आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या, अकरा वर्षांचं काम आहे आणि ते सगळं त्या एका डब्यात. दुकानातून माणूस आला, दोन मिनिटं बघून म्हणाला मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) गेलाय, नवीनच घ्या. मला ते पटेना, कारण बाबा सांगत होते की पंखा फिरतोय, लाईट लागतोय, फक्त स्क्रीन काळी आणि आतून पीं…पीं… असा लांब आवाज थांबून थांबून येतोय. बोर्ड पूर्ण गेला असता तर आवाज तरी कुठून आला असता?

मग व्हिडिओ कॉल लावला. आधी वायर भिंतीतून काढायला लावली, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायला सांगितलं म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. झाकण उघडलं, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून घेतला, रॅमच्या (मेमरीच्या पट्टीच्या) दोन्ही टोकांच्या खटक्या बाजूला करून पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासले, चुरा झटकला, परत बसवली, टक् आवाज येईपर्यंत दाबली. चालू झाला! बाबा काही बोललेच नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत बसले. त्याच संध्याकाळी भाच्याला पाठवून सगळ्या ओव्या दोन पेनड्राईव्हवर घेतल्या.

तुमचे असे अनुभव लिहा प्लीज. एकच विनंती, नुसतं "चालू होत नव्हता" असं लिहू नका, बटण दाबल्यावर नेमकं काय झालं ते लिहा. काहीच लाईट नाही, की पंखा फिरतो पण चित्र नाही, की दोन सेकंद चालू होऊन बंद? तिन्हींचे आजार वेगळे असतात.

----

डोंबिवली. काहीच लाईट नव्हता. मी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) गेला असं धरूनच चाललो होतो, पण बायको म्हणाली आधी त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघ. चार्जर पण चालेना! युपीएसच्या आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी चार वर्षं जुनी, ती पूर्ण बसलेली आणि त्यामुळे युपीएसच ऑन होत नव्हता. पीसी सरळ भिंतीला लावला, लगेच चालू. स्पाईक गार्डचं पण तेच, त्याचं रीसेटचं छोटं काळं बटण बाहेर आलेलं असतं आणि आपण पीसी उघडून बसतो.

----

मी नागपूरला १९९८ पासून रिपेरिंग करतो म्हणून थोडं जास्त लिहितो. तेव्हा एटी नावाचे जुन्या पद्धतीचे कॅबिनेट यायचे, समोरच्या बटणापर्यंत डायरेक्ट २३० व्होल्ट यायचे, आणि बोर्डाला पॉवरचे दोन वेगळे कनेक्टर, ते लावताना काळ्या वायरी मध्ये एकमेकांजवळ आल्या पाहिजेत, उलटे लावले की बोर्ड जळला. एटीएक्स ही नवीन पद्धत आल्यावर ते संपलं. आता समोरचं बटण फक्त बोर्डाला इशारा देते, पण जोवर वायर भिंतीत आहे तोवर जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट चालूच राहते, म्हणून हात घालायच्या आधी वायर काढाच.

काहीच लाईट नसेल तर भाऊ आधी एसएमपीएस वेगळा तपासा. सगळ्या पार्टांपासून तो मोकळा करा, २४ पिनचा मोठा कनेक्टर बोर्डावरून काढा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी, या दोघी कागदाच्या पिनेने जोडा आणि मगच स्विच ऑन करा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे, पण फिरला म्हणजे चांगलाच आहे असं नाही, मीटर लावून पिवळीवर १२, लालवर ५, नारंगीवर ३.३ आहे का ते बघा. १२ च्या जागी ११.४ च्या खाली दिसलं तर बदला. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, हात जोडून सांगतो, वायर काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर बसलेलं असू शकते.

एसएमपीएस ठीक निघाला तर सगळं काढून टाका, फक्त बोर्ड, प्रोसेसर, फॅन आणि एक रॅम ठेवा. मग एकेक वस्तू जोडत जा. ज्याच्यावर अडते तो गुन्हेगार. माझ्याकडे साधारण २००३ ते २००७ च्या काळातले बोर्ड खूप यायचे, थंडीत सकाळी चौथ्या पाचव्या वेळी चालू होणारे. उघडून बघितलं की प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरची टोपी फुगलेली. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले टाकले की तोच बोर्ड पुढे वर्षानुवर्षं चालायचा. बोर्ड गेला हे सगळ्यात शेवटी बोलायचं वाक्य आहे, आणि आमच्याच धंद्यातले लोक ते सगळ्यात आधी बोलतात याचं मला खरंच वाईट वाटते.

----

दादांनी एकेक वस्तू काढायचं लिहिलंय ते बरोबर आहे पण आमच्याकडे वस्तू सगळ्या चांगल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यात खेडेगावात माझं ऑनलाईन दाखले काढून द्यायचं सेंटर आहे. पीसी सकाळी चालू व्हायचा, दुपारी एकदा बंद केला की संध्याकाळपर्यंत नाही म्हणजे नाही, पंखा जरासा हलायचा आणि थांबायचा, आणि रात्री अकराला परत व्यवस्थित. तालुक्याला दोनदा नेला, तिथं दोन्ही वेळा चालला, लोक माझ्याकडं बघायचे. शेवटी वायरमनला बोलावून दुपारी मीटर लावला तर १५५ व्होल्ट! उसाला पाणी द्यायच्या मोटारी सगळ्यांच्या एकाच वेळी चालू होतात, त्यात सगळं दाबलं जातं. स्टॅबिलायझर घेतला आणि प्रश्न मिटला, पण तोपर्यंत पोरांच्या ॲडमिशनचे दिवस होते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या किती लोकांना मी परत पाठवलं, ते अजून मनातून जात नाही. गावाकडं कुणाचा पीसी असा वेळ बघून चालू होत असेल तर आधी व्होल्टेज मोजा.

----

आमचा वेगळाच. २०१० ला न्यू जर्सीहून पुण्याला कायमचे परत आलो, सामानात डेस्कटॉप पण आणला. मॉनिटरच्या, प्रिंटरच्या पिना बदलल्या, सगळं केलं आणि कोथरूडच्या घरात वायर लावली तर फट्ट असा आवाज, धूर, घरातला एमसीबी पडला. एसएमपीएसच्या मागे एक छोटा लाल सरकता स्विच असतो, ११५ आणि २३० चा, तो तिकडच्या १२० व्होल्टसाठी ११५ वरच राहिला होता. मुलाचे पहिल्या वाढदिवसापासूनचे सगळे फोटो त्यात, मी रडायचीच बाकी होते. पण गेला फक्त एसएमपीएस. तपकीर गल्लीतून नवीन आणला, हार्डडिस्कला काही झालेलं नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसला १०० ते २४० आपोआप चालतं आणि तो स्विचच नसतो, तरी तिकडून जुनं मशीन आणणार असाल तर मागची बाजू आधी बघा.

----

चिपळूण. २२ जुलै २०२१ चा पूर इथे बऱ्याच जणांना आठवत असेल. बाजारपेठेत तळमजल्यावर आमचं फोटोचं दुकान, पाणी ओसरल्यावर आत गेलो तर तिन्ही पीसी चिखलात आडवे. शेजारचे म्हणाले लावून तर बघ चालू होतो का, मी नाही लावला, आणि तोच निर्णय बरोबर ठरला. ओल्या बोर्डाला वीज दिली की शॉर्ट. पहिलं काम बोर्डावरची गोल बॅटरी काढली, कारण ती आत असेपर्यंत ओल्या बोर्डावर गंज चढत राहतो. मग साध्या पाण्याने चिखल धुतला, नंतर डिस्टिल्ड वॉटर, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, आणि तीन आठवडे वाळवलं, पावसात आमच्याकडे काही लवकर वाळत नाही. दोन बोर्ड चालू झाले. एसएमपीएस तिन्ही फेकले, त्यात आतपर्यंत चिखल असतो, तिथे काटकसर नको. एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) धुऊन वाळवून चालली. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला मात्र हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आत गेलेलं, तशा दोन्ही मी चालू न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे मुंबईला पाठवल्या. एकीतलं आलं, दुसरीतलं नाही. लोकांच्या लग्नांचे फोटो होते त्यात. ज्यांचे गेले त्या एकेका घरी जाऊन मी स्वतः सांगून आलो.

----

इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष. स्वतः जोडलेला पहिला पीसी, पंखे फिरतायत, लाईट लागतायत, चित्र नाही. प्रोसेसरच्या बाजूला ८ पिनची वेगळी पॉवर लागते, ती लावलीच नव्हती. ती लावली तरी चित्र नाही, कारण मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली आणि प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्सच नाही, ती खाली ग्राफिक्स कार्डला लावायची असते. नवीन जोडणाऱ्यांनी आधी या दोन जागा बघा.

----

कोल्हापूर, डीटीपी (छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम) करते. चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद, परत परत. लग्नसराईत पत्रिकांचं काम अंगावर आणि हे असं. एसएमपीएस, रॅम सगळं बदलून बघितलं. शेवटी भावाने पुढच्या बटणाची वायर बोर्डावरून काढली आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, पीसी चालू आणि चालूच राहिला. बटण आत अडकून बसलेलं, बोर्डाला वाटायचं की मी बटण दाबून धरलंय म्हणून तो बंद व्हायचा. मग त्याने रीसेटच्या बटणाची वायर त्या पॉवरच्या पिनांवर लावून दिली. तीन वर्षं झाली, मी रीसेटच्या बटणानेच पीसी चालू करते.

----

धागा मी काढला म्हणून परत येतेय. सगळ्यांचं बाबांना फोनवर वाचून दाखवलं, चिपळूणच्या दादांचं दोनदा वाचायला लावलं त्यांनी. त्यांच्या पीसीवर आता रोज सकाळी तारीख जुनीच दिसतेय, काही वेबसाईट उघडत नाहीत, म्हणजे बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपलीये. घड्याळाच्या दुकानात मिळते असं सांगितलं. उद्या ते स्वतः बदलणारेत, मी फक्त कॉलवर बसायचं असं ठरलंय.